काजूबीचा हिरवा की केळीच्या सुरळीचा?

सिंधुदुर्गातल्या एका गावातून एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. वय अठ्ठावन्न. घर चिऱ्याचं, कौलारू, सासऱ्यांच्या काळातलं. घरात त्या आणि यजमान, दोघंच. मुलगा-सून डोंबिवलीला, गणपतीत आणि मे महिन्यात येतात. यंदा माजघर रंगवायचं ठरलंय, पैसे मुलगा देणार आहे. सुनेने मोबाईलवरचा एक फोटो बघून करडा हिरवा रंग पसंत केला आणि त्याचा नंबर पाठवला. बाईंच्या मनात मात्र पूर्वी होता तसा फिका पिस्ता आहे. तसं सांगितल्यावर मुलगा म्हणाला, "आई, तो सरकारी दवाखान्यासारखा दिसतो." यजमानांचं म्हणणं, "हिरवो तो हिरवो, त्यात बघूचा काय?" शेजारीण सांगते की गडद रंग घ्या, त्यावर बुरशी दिसत नाही. पेंटर गणपतीआधी काम उरकायचं म्हणून मागे लागलाय. बाई विचारतात: "दोन्ही कार्डं भिंतीला लावून आठ दिवस बघतेय. रोज मत बदलतं. माझी आवडच जुनाट झाली आहे का? आणि पैसे मुलाचे असताना मी हट्ट धरावा का?"

ताई,

"रोज मत बदलतं" हे तुम्ही तक्रार केल्यासारखं लिहिलंय. मला तर ते वाचून बरं वाटलं, कारण तुमचे डोळे तुम्हाला खरं तेच सांगताहेत. एकच कार्ड सकाळी वेगळं, दुपारी कवडसा आला की वेगळं आणि ट्यूब लावल्यावर तिसरंच दिसणार. सुनेने एक फोटो एकदा बघून ठरवलं, तुम्ही आठ दिवस बघूनही ठरवत नाही आहात. दोघींत रंग जास्त कोण बघतंय ते तुम्हीच ठरवा.

कार्डाचे दोन्ही तुकडे पत्राला टाचून पाठवलेत ते फार चांगलं केलंत. समोर ठेवूनच लिहितेय. सुनेचा रंग झाडावरच्या कोवळ्या काजूबीसारखा आहे, हिरवट, त्यात बराच करडेपणा. तुमचा आहे केळीचं पान उलगडायच्या आधीच्या सुरळीसारखा, पिवळट पांढुरका. पुढे मी त्यांना काजूबी आणि सुरळी असंच म्हणणार आहे. कंपनीने ठेवलेल्या नावांवरून काहीच कळत नाही.

आधी एक गोष्ट बघा. भांडण हिरव्याबद्दल नाहीच. डोंबिवलीच्या सुनेलाही हिरवाच हवाय आणि तुम्हालाही. पांढरा नको, पीच नको, मुंबईच्या फ्लॅटमधला तो बदामी नको, इथवर दोघींचं एकमत आहे. उरलाय तो प्रश्न एवढाच, की त्या हिरव्यात करडा किती आणि पांढरा किती. हे मतभेदाचं कारण होऊ शकतं, पण पिढ्यांच्या अंतराचं प्रकरण करण्याइतकं मोठं नाही.

आता कार्डांकडे. तुमची जमीन लाल कोब्याची आहे असं लिहिलंत. एक करून बघा. काजूबीचा तुकडा त्या लाल जमिनीवर ठेवा, दोन मिनिटं बघा. मग तोच तुकडा चुलीतल्या राखेवर किंवा करड्या पाट्यावर ठेवा. जमिनीवर तो चांगला हिरवा वाटेल आणि पाट्यावर जवळजवळ मळका. लालाशेजारी हिरवा उठून दिसतो, ही डोळ्याची सवयच आहे. सुनेने बघितलेल्या फोटोतली खोली बहुधा पांढऱ्या फरशीची, मोठ्या खिडकीची असणार. तिथे तो रंग शांत दिसला म्हणून आवडला. तुमच्या लाल कोब्यावर तोच रंग फोटोपेक्षा जास्त हिरवा दिसेल, आणि तुमची सुरळी तर त्याहून जास्त पोपटी. म्हणजे तुमचा कार्डावरचा आवडता रंग भिंतीवर चढल्यावर थोडा भडकण्याची शक्यता आहे, हे तुम्हालाही मान्य करावं लागेल.

शिवाय चारही भिंती एकाच रंगाच्या झाल्या की त्या एकमेकींवर उजेड फेकतात. हिरव्यावरून निघालेला उजेड समोरच्या हिरव्यावर पडतो आणि रंग आणखी दाट होतो. त्यामुळे दोन इंचांच्या कार्डावर जे दिसतं त्यापेक्षा खोली नेहमी एक पायरी गडद वाटते. तुमच्या खिडकीबाहेर पोफळी आहेत म्हणता, म्हणजे आत येणारा उजेडच पानांतून गाळून हिरवट होऊन येतो. दोन्हींपैकी कुठलाही रंग घेतलात तरी पट्टीवर त्याच्या वरचं, फिकं घर घ्या, असं मी आत्ताच सांगून ठेवते.

माजघराचं खरं दुखणं उजेडाचं आहे. तुमच्या पत्रात शेवटी, जाता जाता लिहिलेलं एक वाक्य मी तीनदा वाचलं: "वर एक काचेचं कौल आहे, पण ते आता शेवाळलंय." ताई, मग शेवाळी रंग तुमच्या माजघरात आधीच आहे की! तोही थेट उजेडाच्या वाटेत बसलेला. खोलीला एक लहान खिडकी, ओटीकडचं एक दार आणि हे एक कौल. त्या कौलावर बाहेरून शेवाळ आणि आतून चुलीची काजळी. ते साफ झालं आणि जमलं तर शेजारी आणखी एक काचेचं कौल बसलं, तर कुठल्याही डब्यातल्या रंगाने होणार नाही एवढा फरक खोलीत पडेल. रंगाचा निर्णय त्यानंतर घ्या. आत्ता तुम्ही मिटलेल्या डोळ्यांच्या खोलीत रंग बघताय.

रंग किती उजेड परत टाकतो याचा एक आकडा असतो, एलआरव्ही. निव्वळ काळा शून्य, निव्वळ पांढरा शंभर. काही कंपन्या तो शेडच्या माहितीत देतात. दुकानदाराला शेडचा नंबर सांगून विचारा. काजूबीसारखे करडे हिरवे साधारण चाळीस-पंचेचाळीसच्या आसपास असतात, सुरळीसारखे फिके सत्तरच्या आगेमागे. म्हणजे पहिला रंग आलेल्या उजेडातला निम्म्याहून जास्त उजेड पोटात ठेवून घेतो. ज्या खोलीत मुळात उजेडच मोजून येतो, तिथे ही उधळपट्टी आहे.

हे मी ऐकीव सांगत नाही. रत्नागिरीत आमच्या घराच्या मागच्या खोलीला मी असाच करडा हिरवा लावला होता. मार्चमध्ये निवडला, दुकानातल्या ट्यूबखाली, वीस मिनिटांत. मे महिन्यात येणारेजाणारे वा वा म्हणत होते. आषाढाची झड लागली आणि ती खोली विहिरीच्या तळासारखी झाली. भर दुपारी बारा वाजता दिवा लावून मी तांदूळ निवडायला बसत असे. कोकणात वर्षातले चार महिने आभाळ भरलेलं असतं, आणि आपण रंग निवडतो ते नेमके उरलेल्या आठ महिन्यांत. तीन वर्षं तो रंग सोसला, कारण चूक माझीच होती आणि घरात कोणाला सांगायची सोय नव्हती.

आता त्या दवाखान्याचं बघू. मुलगा अगदीच चुकीचं बोलला नाही, पण त्याला आठवतंय ते निव्वळ हिरव्यामुळे नाही. दवाखान्यांत हिरवा आला त्याला कारण आहे. १९१४ च्या सुमारास सॅन फ्रान्सिस्कोतले हॅरी शर्मन नावाचे शल्यविशारद पांढऱ्या भिंती आणि लाल रक्त यांच्यामध्ये डोळे फिरवून थकले आणि त्यांनी शस्त्रक्रियेची खोली पालकाच्या रंगाची करून घेतली. लालाकडे बराच वेळ बघून शिणलेल्या डोळ्याला हिरव्यावर विसावा मिळतो. लाल कोब्याच्या घरात हिरवी भिंत का बरी वाटते, तेही यातच आलं. आपल्याकडच्या दवाखान्याची आठवण मात्र निराळी असते: कमरेपर्यंत चकचकीत ऑइल पेंट, वर डिस्टेंपर, मधोमध तपकिरी पट्टी आणि डोक्यावर निळसर पांढरी ट्यूब. यातलं काहीही केलं नाहीत तर तुमची सुरळी दवाखान्यासारखी दिसणार नाही. चकचकीत फिनिश घेऊ नका, मॅट घ्या. अर्धी भिंत एक आणि अर्धी दुसरी असंही करू नका. आणि ट्यूब बदला.

ट्यूबचं थोडं सविस्तर सांगते, कारण यावर कोणी बोलत नाही. एलईडीच्या खोक्यावर ६५०० के, ४००० के, ३००० के असं काहीतरी छापलेलं असतं. के म्हणजे केल्व्हिन, उजेड निळसर की पिवळा ते सांगणारं माप. ६५०० म्हणजे निळसर पांढरा, बहुतेक घरांत हाच. त्याखाली सुरळी बर्फाळ पुदिन्यासारखी दिसते आणि काजूबी राखेसारखी. ३००० च्या पिवळ्या उजेडात सुरळी पिवळी पडते आणि काजूबी खाकीकडे झुकते. माजघरासाठी ४००० चा घ्या. खोक्यावर सीआरआय नावाचा आणखी एक आकडा असतो, त्या दिव्याखाली रंग किती खरे दिसतात ते सांगणारा. तो ८० च्या खाली नको, ९० मिळाला तर सोडू नका. दिवा बदलायला काहीशे रुपये लागतात. रंग बदलायला किती लागतात ते तुम्हाला पेंटरने सांगितलंच असेल.

दिवेलागणीची वेळही बघून घ्या, दिवा लावायच्या आधीची. अंगणातल्या जास्वंदीकडे त्या वेळी कधी लक्ष दिलंत? फूल काळं पडायला लागतं आणि पानं अजून उजळ दिसतात. उजेड ओसरला की डोळा लालाला आधी सोडतो, हिरव्या-निळ्याला उशिरा. पुर्किन्ये नावाच्या चेक शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात हे नोंदवून ठेवलं. तुमचा लाल कोबा संध्याकाळी काळोखात बुडेल तेव्हा फिकी हिरवी भिंत आणखी थोडा वेळ दिसत राहील. देवापुढे निरांजन लावायला उठण्याआधीची ती दहा मिनिटं तुम्ही माजघरातच असता, डोंबिवलीत नाही.

आता पारख कशी करायची. कार्ड चिकटवून भागत नाही, आणि भिंतीवर थेट पट्टे मारूनही नाही, कारण जुना रंग शेजारी असला की नवा खोटं बोलतो. दोन्ही रंगांचे लहानात लहान डबे आणा. चांगल्या जाड पुठ्ठ्याचे दोन-दोन तुकडे घ्या, वर्तमानपत्राच्या अर्ध्या पानाएवढे. त्यांना प्रायमरचा एक हात आणि रंगाचे दोन हात द्या, चारी बाजूंनी दोन बोटं पांढरी कड सोडा. पूर्ण वाळू द्या. ओला असताना हा रंग फिका दिसतो, वाळल्यावर गडद होतो. पुष्कळ भांडणं ओल्या रंगावरच होतात. मग एक तुकडा खिडकीच्या भिंतीवर, दुसरा खिडकीसमोरच्या भिंतीवर, जमिनीपासून तुमच्या बसण्याच्या उंचीवर लावा. पुठ्ठ्यांच्या मागे तारीख आणि वेळ लिहीत जा: "सकाळी सात, बरा." "पाऊस, दुपारी तीन, उदास." आठवड्याने मागची बाजू वाचा. पुढची बघायची गरजच पडणार नाही.

पण हे सगळं गणपतीआधी करायचं का? इथे मी पेंटरच्या विरोधात आहे. त्याचं हातावरचं पोट आहे, गणपतीआधी त्याच्याकडे कामांची रीघ असते, त्याला दोष नाही. पण श्रावणातली चिऱ्याची भिंत पाणी प्यायलेली असते. तिच्यावर पुट्टी आणि प्लास्टिक इमल्शन चढवलं की आतली ओल बाहेर पडायला बघते आणि रंगाला फुगे येतात, पोपडे सुटतात, खार फुटतो. खात्री करायची असेल तर दीड फूट लांबरुंद प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीला घट्ट चिकटवा आणि एक दिवस, एक रात्र तसाच ठेवा. काढल्यावर आतल्या बाजूला दव धरलेलं दिसलं तर ती भिंत अजून रंगायची नाही. भिंतीवरून तळहात फिरवूनही बघा. पांढरी पूड हाताला आली तर खाली जुना चुना आहे. तो पूर्ण खरवडल्याशिवाय वरचा कुठलाही महागडा रंग टिकणार नाही.

गणपतीपुरता गणपतीच्या मागच्या भिंतीला चुन्याचा एक हात मारा. चुना ओलीला अडवत नाही, भिंत श्वास घेत राहते, आणि गणपतीच्या डोक्यावरची माटवी (पानाफळांनी सजवलेली लाकडी चौकट) बांधली की तिची हिरवी पानं, कवंडळाची रानफळं, सुपारीचे घड पांढऱ्यावर जेवढे उठून दिसतात तेवढे हिरव्या भिंतीवर कधीच दिसणार नाहीत. तुमच्याकडे त्या भिंतीवर चित्र काढायची पद्धत असेल तर प्रश्नच मिटला. पक्का रंग दिवाळीनंतर, भिंती सुकल्यावर आणि हा चुना खरवडून. जानेवारी-फेब्रुवारी सर्वांत चांगला. पेंटरला थोडा विसार आत्ताच देऊन ठेवा, म्हणजे तोही नाराज होणार नाही.

शेजारणीचा बुरशीचा सल्ला मनावर घेऊ नका. बुरशी ओलीमुळे येते, रंगामुळे नाही. गडद भिंतीवर ती दिसत नाही हे खरं, पण ती न दिसणं हाच तोटा आहे. फिक्या भिंतीवर काळा ठिपका दिसला की तुम्ही त्याच दिवशी कौल कुठे फुटलंय ते बघाल.

आणखी एक, हे मुद्दाम लिहितेय. तुमच्या दारं-खिडक्यांना जुना हिरवा ऑइल पेंट असणार. आपल्याकडे घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा) जास्त नको हा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या थरांत ते असू शकतं. पेंटर कोरडाच घासायला लागला तर थांबवा. पाणी मारून ओलं घासायला सांगा, तोंडाला मास्क हवा, आणि नातवंडं आलेली असताना हे काम नको.

राहिला मुलाच्या पैशांचा प्रश्न. तुम्ही "हट्ट" हा शब्द वापरलात. वर्षातले जवळजवळ साडेअकरा महिने ज्या खोलीत तुम्ही दोघं जेवता, दुपारी आडवे होता, ओले कपडे वाळत घालता, तिथला रंग तुम्ही ठरवणं हा हट्ट कसा होईल? पण मुलाला फोनवर "मला तुझा रंग नको" असं म्हणू नका, कारण तोही मनापासून करतोय. भिंतीचा फोटो काढूनही पाठवू नका. मोबाईल स्वतःच्या मताने रंग दुरुस्त करतो, तुमची सुरळी त्याला तिकडे भलतीच दिसेल आणि वाद वाढेल. पुठ्ठे तसेच लावून ठेवा. ती दोघं गणपतीला येतीलच, तेव्हा भर पावसात दुपारी तीन वाजता सुनेला माजघरात नेऊन बसवा, चहा द्या आणि विचारा, "यातला कुठला घेऊ गं?" तिने काजूबी म्हटलं तर पुठ्ठ्याची मागची बाजू दाखवा. बहुतेक ती वेळ येणार नाही.

माझं मत विचाराल तर माजघराला सुरळी, पट्टीवर एक घर वरची, मॅट. आणि काजूबी ती दोघं येतात तेव्हा झोपतात त्या ओटीलगतच्या खोलीला. तिला पश्चिमेची खिडकी आहे, संध्याकाळचं ऊन आत येतं, तिथे तो रंग खरंच सुंदर दिसेल आणि सुनेची निवड चुकीची नव्हती हेही तिला तिथे दिसेल. तुम्ही दिलेल्या मापांवरून (चौदा बाय अकरा, उंची नऊ फूट) दारं-खिडकी वजा जाता माजघराची भिंत साधारण चारशे चौरस फूट भरते. डब्यावर दोन हातांसाठी लिटरमागे जे क्षेत्रफळ लिहिलेलं असतं त्याने भागा. चार लिटरच्या आसपास येईल, जुनी भिंत खडबडीत म्हणून थोडा जास्त धरा. सगळा रंग एकदम, एकाच वेळी मिसळून घ्या. एका कंपनीचा नंबर दुसऱ्या कंपनीकडून "मॅच" करून घेऊ नका. दुकानात जुळलेले दोन रंग घरच्या दिव्याखाली फारकत घेतात.

मालवण, वेंगुर्ला किंवा रत्नागिरीत समुद्राकडे तोंड असलेल्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या वाचकांनी मात्र वरचा निकाल उलटा करून वाचावा. तिथे दुपारनंतर पाण्यावरून परतलेलं ऊन इतकं पांढरंफटक आत येतं की फिका पिस्ता धुऊन निघाल्यासारखा वाटतो, आणि करडा हिरवा डोळ्याला सावली देतो.

ताई, ते काचेचं कौल आत्ताच करा. काठीला ओला फडका बांधून आतल्या बाजूची काजळी जमिनीवर उभं राहूनच पुसता येईल. बाहेरच्या शेवाळासाठी यजमानांना छपरावर चढू देऊ नका, पावसात कौलं फार निसरडी असतात. ते दसऱ्यानंतर, चांगली उघडीप बघून, गड्याकडून.